लांडगा एक की दोन

ज्यू कायद्याच्या 'मिश्ना' या संग्रहात राखणीला दिलेल्या जनावरांविषयी एक नेमका नियम आहे. कळपावर एक लांडगा आला आणि मेंढरू गेलं, तर पगारी राखणदाराने मालकाला भरपाई द्यायची. एकटा लांडगा म्हणजे काही अस्मानी संकट नव्हे. दोन लांडगे आले तर मात्र राखणदार सुटला. मिश्ना इ.स. २०० च्या सुमारास लिखित रूपात आली, पण त्यातली बरीच समज त्याहून जुनी आहे. जनावर फाडून खाल्लं असेल तर उरलेले अवयव पुरावा म्हणून मालकापुढे आणावेत, असं त्याच्या कितीतरी आधी बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकात सांगितलं होतं. आमोस हा संदेष्टा स्वतः मेंढरांतला माणूस. सिंहाच्या तोंडातून दोन तंगड्या नाहीतर कानाचा तुकडा ओढून काढणाऱ्या मेंढपाळाचं चित्र तो रंगवतो, तेव्हा त्या तुकड्याची किंमत त्याच्या श्रोत्यांना ठाऊक असते. तो तुकडा म्हणजे पंचनामा.

नांदेड-लातूरकडच्या वाचकाला यात परकं काही वाटू नये. दख्खनच्या माळावर लांडगा अजून आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मारायला बंदी आहे आणि त्याने मेंढरू नेलं तर वनखात्याचा माणूस येऊन पंचनामा करतो, मग भरपाईचा कागद हलतो. नांदेड, हिंगोली, परभणी या पट्ट्यात हटकर धनगरांची वस्ती दाट आहे. आता त्यांतले पुष्कळजण शेतीत आणि नोकरीत असले, तरी रब्बीची रानं मोकळी झाली की मेंढरांचे वाडे काळ्या रानातून फिरताना दिसतात. शेतकरी खतासाठी मेंढरं रात्री शेतात बसवून घेतो आणि त्याबद्दल धान्य किंवा रोख देतो. भोवती वाघर, म्हणजे दोरीची जाळी, खुंट्यांवर ताणलेली असते. आत मेंढरं, बाहेर कुत्री आणि घोंगडी पांघरून पडलेला माणूस. तो माणूस कधी कळपाचा मालक असतो, कधी पाडव्याला ठरलेला सालगडी. मेंढरांना हा फरक कळत नसेल. लांडगा आल्यावर मात्र तो सगळ्यांनाच कळतो.

योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय या फरकावर उभा आहे. येशू स्वतःला चांगला मेंढपाळ म्हणवतो आणि लगेच मोलाने ठेवलेल्या गड्याशी तुलना करतो: लांडगा दिसताच गडी पळतो, कारण मेंढरं त्याची नाहीत. प्रवचनांतून या गड्याला सहसा भेकड ठरवलं जातं. माझ्या मते हा त्याच्यावर अन्याय आहे. दोन लांडगे असतील तर पळणारा गडी कायद्याने निर्दोष होता. जीव द्यायची अपेक्षा त्याच्याकडून कोणी केलेलीच नव्हती. येशूचा दावा वेगळ्याच पातळीवरचा आहे. लांडगे किती, हे तो मोजतच नाही. मेंढरांसाठी आपण जीव देतो असं तो म्हणतो, आणि व्यवहाराच्या हिशेबात हे बसत नाही. मेंढपाळ मेला तर कळपाचं काय? उरलेली मेंढरं लांडग्याचीच. शहाणा धनगर एक कोकरू जाऊ देईल, पण मरणार नाही. म्हणून हे विधान मेंढपाळीच्या अनुभवातून सरळ आलेलं नाही. त्याची मुळं शोधायला राजवाड्यात जावं लागतं.

त्याआधी वाटेत माळेगावला थांबू या. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातलं माळेगाव खंडोबाचं. मार्गशीर्ष वद्यात, म्हणजे बहुधा नाताळाच्या आगेमागे, इथे यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, लाल कंधारी आणि देवणी जनावरं, मेंढ्या, शेळ्या; दक्षिणेतल्या मोठ्या पशुबाजारांपैकी हा एक. नांदेडच्या चर्चमध्ये बेथलेहेमच्या रानात रात्री राखण करणाऱ्या मेंढपाळांचा वृत्तांत वाचला जातो, त्याच सुमारास खरेखुरे मेंढपाळ भंडारा उधळत माळेगावला निघालेले असतात. खंडोबाची दुसरी बायको बाणाई ही धनगराची लेक. लोककथेत देव म्हाळसेबरोबर सारीपाट हरतो, वनवास पत्करतो आणि बाणाईसाठी तिच्या वाड्यावर चाकर म्हणून मेंढरं राखतो. (ही कथा घडते ती चंदनपुरी नाशिक जिल्ह्यात दुसऱ्याच मालेगावजवळ आहे, दोन गावांची गल्लत होते.) एका रूपात तो सगळी मेंढरं मारून टाकतो आणि लग्नाचा शब्द मिळाल्यावर पुन्हा जिवंत करतो. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या अशा कथा धनगरांच्या ओव्यांतून गोळा केल्या. त्यांच्या आणि रा. चिं. ढेरे यांच्या कामामुळे पशुपालकांच्या देवांचं महाराष्ट्राच्या भक्तीत केवढं स्थान आहे, हे लक्षात आलं.

बायबलमध्ये याचं जवळचं भावंड म्हणजे याकोब. राहेलसाठी तो मामाची, लाबानाची, मेंढरं सात वर्षं राखतो, फसवला जातो, आणखी सात वर्षं राखतो. शेवटी भांडण होतं तेव्हा याकोब मामाला सुनावतो की, फाडलेलं जनावर मी कधी तुझ्यापुढे आणलं नाही, नुकसान स्वतःच सोसलं. म्हणजे पुरावा दाखवून सुटायचा हक्क त्याने सोडला होता. देवाने किंवा कुलपुरुषाने दुसऱ्याच्या दारी मेंढरं राखावीत, ही कल्पना दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की खंडोबाच्या गोष्टीत मरतात ती मेंढरं, आणि जिवंत करणारा देव मरणाच्या जवळपासही जात नाही.

आता राजवाडा. पश्चिम आशियात 'मेंढपाळ' ही राजाची पदवी होती. बाबिलोनच्या हम्मुराबीने, इ.स.पूर्व अठराव्या शतकात, आपल्या कायद्याच्या प्रस्तावनेत स्वतःला मेंढपाळ म्हणवून घेतलं. इजिप्तच्या फॅरोच्या हातात मेंढपाळाची आकडेदार काठी असे. यशयाचं पुस्तक तर पर्शियाच्या कोरेश राजालाही देवाचा मेंढपाळ म्हणतं, आणि तो ज्यूही नव्हता. इस्राएलच्या बाबतीत गोष्ट आणखी चटकदार झाली, कारण तिथला लाडका राजा खरोखरच मेंढरांमागून उठून आलेला. दावीद बेथलेहेमच्या इशायाचा धाकटा पोर. शमुवेल राजा निवडायला घरी आला तेव्हा तो रानातच होता. महाराष्ट्राला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. लहानपणी मामाकडे मेंढरं राखणारे मल्हारराव होळकर माळव्याचे सुभेदार झाले आणि झोपलेल्या पोरावर नागाने फणा धरल्याची आख्यायिका त्यांच्यामागे आली. मेंढपाळ राजा झाला की लोक त्याच्या मेंढपाळपणात दैवी खूण शोधतात. दाविदाच्या बाबतीतही तसंच झालं.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात नाथान हा संदेष्टा दाविदाला देवाचा निरोप सांगतो. निरोपाच्या सुरुवातीला देव आठवण करून देतो की, तुला मेंढरांमागून उचलून मी माझ्या लोकांचा अधिपती केलं. थोडं पुढे तो दाविदाच्या वंशजाबद्दल वचन देतो: मी त्याचा पिता होईन, तो माझा पुत्र होईल. मेंढपाळ आणि देवपुत्र या दोन प्रतिमा ख्रिस्ती धर्मात कुठून एकत्र आल्या, याचं उत्तर या एका निरोपात आहे. दोन्ही सिंहासनाच्या भाषेतल्या आहेत. इस्राएलमध्ये राजा हा राज्याभिषेकाच्या दिवशी देवाचा पुत्र ठरत असे. दुसरं स्तोत्र त्याच अर्थाचं आहे. देहाने जन्मलेला असा त्यात अर्थ नव्हता. इजिप्तमध्ये राजाला देवाचा औरस पुत्र मानत, इथे तो दत्तक होता.

तेविसावं स्तोत्रही याच नजरेने वाचून पाहावं. रविवारच्या शाळेत पाठ केलेलं आणि दफनाच्या वेळी म्हटलं जाणारं हे स्तोत्र मराठी ख्रिस्ती घरांत सर्वांत परिचित. पहिल्या अर्ध्यात कुरण आणि संथ पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांनी लातूरला पाणी आणलं गेलं. त्या उन्हाळ्याची आठवण असलेल्या माणसाला तहान भागवणाऱ्या पाण्याचं मोल वेगळं शिकवायला नको. युरोपातल्या हिरव्या टेकड्यांच्या रंगीत चित्रांनी या स्तोत्राचा कोरडेपणा घालवला, आणि यहूदाचं रान होतं कोरडंच. पण दुसऱ्या अर्ध्यात मेंढरू अचानक नाहीसं होतं. वैऱ्यांदेखत मांडलेलं ताट, डोक्यावर ओतलेलं तेल, काठोकाठ भरलेला प्याला. तेल हे अभिषेकाचं. म्हणजे बोलणारा राजा आहे, आणि राजा म्हणतोय की मलाही एक मेंढपाळ आहे.

राजे वाईट निघाले तेव्हा ही पदवी त्यांच्यावरच उलटली. इ.स.पूर्व ५९७ मध्ये बाबिलोनला बंदी म्हणून नेलेल्यांत यहेज्केल होता. त्याच्या पुस्तकाचा चौतिसावा अध्याय हा राज्यकर्त्यांवरचा आरोपनामा आहे. तुम्ही चरबी खाल्ली, लोकर पांघरली, धष्टपुष्ट मेंढरं कापली. दुबळ्याला बळ दिलं नाही, मोडलेलं बांधलं नाही, हरवलेलं शोधलं नाही. मग देव जाहीर करतो की यापुढे मेंढरं मी स्वतः राखीन. आणि थोड्याच ओळींनंतर म्हणतो, त्यांच्यावर मी एक मेंढपाळ नेमीन, माझा सेवक दावीद. आता मेंढपाळ कोण, देव की दाविदाच्या वंशातला राजा? यहेज्केल हा प्रश्न सोडवत नाही. शेकडो वर्षं तो तसाच राहिला. ख्रिस्ती श्रद्धेचं म्हणणं असं की दोन्ही उत्तरं एकाच माणसात खरी ठरली.

योहान हे म्हणणं मांडतो तेही एका विशिष्ट दिवशी. अध्यायाच्या मध्यावर तो सांगतो की हिवाळा होता, मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेचा सण चालू होता आणि येशू शलमोनाच्या देवडीत फिरत होता. हा सण म्हणजे हनुक्का. इ.स.पूर्व १६७ मध्ये अंतियोख चौथा या सिरियाच्या ग्रीक राजाने यरुशलेमचं मंदिर भ्रष्ट केलं आणि तीन वर्षांनी मक्काबी या ज्यू बंडखोरांनी ते शुद्ध करून घेतलं, त्याची आठवण. या अंतियोखाच्या नाण्यांवर त्याची पदवी कोरलेली असे: प्रकट झालेला देव. माणूस असून स्वतःला देव म्हणवणाऱ्या राजाचा पाडाव साजरा होत असताना नाझरेथचा एक कारागीर मंदिराच्या आवारात उभा राहून सांगतो की माझ्या हातातून माझी मेंढरं कोणी हिसकावू शकत नाही, पित्याच्या हातातूनही नाही, आणि पिता व मी एकच आहोत. लोक दगड उचलतात. त्यांचा संताप आडमुठेपणाचा म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण त्या दिवशी त्या जागी ते दगड न उचलले गेले असते तर नवल. येशू उत्तरादाखल ब्याऐंशीव्या स्तोत्राचा दाखला देतो. तिथे न्याय करणाऱ्यांनाही देव म्हटलंय, मग पित्याने पाठवलेल्याने स्वतःला देवाचा पुत्र म्हटलं तर निंदा कशी? ज्यू पंडितांच्या वादपद्धतीतला हा मुद्दा आहे. दगड खाली पडले नाहीत.

ग्रीक-रोमन जगात 'देवपुत्र' हा शब्द बाजारातल्या नाण्यावर होता. ज्युलियस सीझरला मरणोत्तर देवत्व मिळालं, म्हणून दत्तक गेलेला ऑगस्टस 'देवाचा पुत्र' झाला. त्याच्या मागचा तिबेरियस 'दिव्य ऑगस्टसचा पुत्र'. लातूरहून फार लांब नसलेलं तेर, ग्रीकांचं तगर, त्याच शतकात रोमन व्यापाराच्या वाटेवर होतं. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणबरोबर त्याचं नाव येतं आणि तिथलं कापड भडोचच्या बंदराकडे जात असल्याचं सांगितलंय. आपल्याकडे कुषाण राजे स्वतःला 'देवपुत्र' म्हणवत. मार्क आपल्या शुभवर्तमानात रोमन शताधिपतीच्या तोंडून येशूला देवाचा पुत्र म्हणवतो, तेव्हा सम्राटाची पदवी सम्राटाच्याच शिपायाने क्रूसावर मेलेल्या माणसाला दिलेली असते. त्याच्या एक अध्याय आधी येशूने जखऱ्याच्या भविष्यवाणीचा आधार घेऊन शिष्यांना सांगितलेलं असतं की मेंढपाळावर घाव बसेल आणि मेंढरं पांगतील. दोन्ही प्रतिमा मार्कनेही मृत्यूतच जुळवल्या आहेत. योहान ते कारणासह सांगतो: मी जीव देतो, म्हणूनच पिता माझ्यावर प्रेम करतो. कायद्याच्या पलीकडचा तो मेंढपाळ इथे कळतो. मेंढरांसाठी मरणं हेच त्याच्या पुत्रपणाचं रूप आहे, आणि जीव परत घेण्याचा अधिकारही आपल्याला आहे असं तो पुढे म्हणतो. त्याशिवाय मेलेल्या मेंढपाळाचा कळपाला काहीच उपयोग नव्हता.

पुत्र म्हणजे नेमकं काय, यावर चर्चला भांडायला तीनशे वर्षं पुरली नाहीत. अलेक्झांड्रियाचा अरियस म्हणे, पुत्र सर्वांत थोर, पण निर्माण केलेला. तो नव्हता असा काळ होता. इ.स. ३२५ मध्ये नायसियाच्या धर्मसभेने ते नाकारलं: पुत्र जन्मलेला आहे, घडवलेला नाही, आणि पित्याच्याच तत्त्वाचा आहे. हा जन्म काळात घडलेला नाही, देहाशी त्याचा संबंध नाही. नांदेडमध्ये ख्रिस्ती आणि मुसलमान शेजाऱ्यांच्या या विषयावर गप्पा झाल्याच तर त्या बहुतेक इथेच अडतात. कुराण ईसाला मोठा पैगंबर मानतं, पण देवाने कोणाला जन्म दिला नाही आणि तोही कोणापासून जन्मला नाही, असं ठामपणे सांगतं. देहाचा अर्थ दोघांनाही अमान्य आहे. मतभेद उरतो तो देवाच्या एकपणात नात्याला जागा आहे का, यावर.

खंडोबाच्या भक्ताची अडचण तिसरीच. देवाने मनुष्यरूप घेणं त्याला जड जात नाही. मणि-मल्ल माजले, शंकराने मार्तंड भैरवाचं रूप घेतलं, काम झालं. नायसियाच्या पुत्राचं तसं नाही. तो काम झालं म्हणून पुत्र असणं थांबवत नाही, आणि काम नसतानाही होताच. ख्रिस्ताला अवतार म्हटल्याने त्याच्या येण्याचा अर्थ मराठी मनात पटकन उतरतो, पण पित्याशी असलेलं नातं मागे पडतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर वारकऱ्यांच्या लयीत ख्रिस्तभक्ती लिहिली आणि ख्रिस्ताला आई, गुरू असं सगळं म्हटलं. सिद्धान्ताच्या चौकटीत ते कुठे बसतं, याची काळजी त्यांनी फारशी केलेली दिसत नाही, आणि कवीने ती करूही नये.

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनीही सिद्धान्ताआधी चित्र काढलं. रोमच्या भुयारी दफनभूमींत, तिसऱ्या शतकात, क्रूस जवळजवळ दिसत नाही. खांद्यावर मेंढरू घेतलेला तरुण मात्र पुन्हा पुन्हा दिसतो. खांद्यावर मेंढा घेतलेल्या हर्मीस देवाची मूर्ती ग्रीकांना आधीपासून परिचित होती, त्यामुळे परक्या नजरेला त्यात वावगं काही दिसत नसे. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातलं, मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे काढणारं न्यायाचं चित्र भिंतीवर त्या मानाने कमी आलं. पॅलेस्टाइनमध्ये मेंढरं बहुतेक पांढरी आणि शेळ्या काळ्या, त्यामुळे ती निवड लांबूनही दिसे. लातूरकडे उस्मानाबादी शेळी काळी आणि दख्खनी मेंढीही बहुधा काळीच. इथे निवाडा करणाऱ्याला जवळ यावं लागेल.

मराठवाड्यात ही प्रतिमा धर्मग्रंथातून संस्थेत आली. निजामाच्या राज्यात जालन्याला स्कॉटिश मिशनच्या नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात काम उभं केलं आणि जवळच बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली. शेषाद्री १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. त्यांच्या मंडळीत आलेले बहुसंख्य लोक मांग आणि महार. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ चा, नांदेड आणि लातूर त्यातच येतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या 'सुबोध बायबल'चं नाव ख्रिस्ती घरांबाहेरही या भागात पोचलं.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत धर्मोपदेशकाला पाळकसाहेब म्हणतात, आणि त्याला पगार असतो. मग तो योहानाच्या हिशेबात मेंढपाळ की मोलाचा गडी? प्रश्न खोडसाळ वाटेल, पण तो चर्चनेच आधी विचारला. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने पाचव्या शतकाच्या आरंभी यहेज्केलच्या चौतिसाव्या अध्यायावर लांबलचक प्रवचन दिलं, आणि त्यात दूध पिऊन लोकर पांघरणारे मेंढपाळ म्हणजे आपल्यासारखे बिशप असं धरलं. दुधाला त्याची हरकत नव्हती. राबणाऱ्याने त्यातून पोट भरावं. पेत्राच्या नावाच्या पहिल्या पत्रात वडीलजनांना सांगितलंय की कळप पैशाच्या लोभाने राखू नका, त्याच्यावर धनीपणा करू नका, मुख्य मेंढपाळ यायचा आहे. योहानाच्या शेवटच्या अध्यायात येशू पेत्राला तीन वेळा कळप चारायला सांगतो आणि तिन्ही वेळा मेंढरं 'माझी' म्हणतो. म्हणजे पेत्राच्या नावावर एकही कोकरू झालं नाही.